गल्ला भरला, पण नफा झाला का?

डिसेंबरात दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती, रोज रात्री नोटा मोजून बोटं काळी झाली, आणि तरीही जानेवारीत कामगाराचा पगार द्यायला हातउसने घ्यावे लागले. गोव्यात छोटा धंदा करणाऱ्या पुष्कळांना हे नवीन नाही. मग शंका येते की गल्ल्यात कुणी हात घालतंय की काय. बहुतेक वेळा कुणीही घालत नसतं. पैसा कुठे कुठे गेला हे लिहिलेलं नसतं, एवढंच.

हिशेब म्हटलं की आपल्याला लगेच जीएसटी, सीए आणि नोटीस आठवते. कराचं पुढे बोलू. आधी गल्ला आणि नफा यांचा गोंधळ सोडवू, कारण बाकीचं बरंचसं त्यातूनच सुटतं.

मंगेशीच्या वाटेवर काजू, कोकम आणि आगळ विकणारं एक छोटं दुकान धरून चला. आकडे सोयीचे घेतले आहेत. डिसेंबरची विक्री ३,००,००० रुपये. महिन्याच्या सुरुवातीला दुकानात ४०,००० चा माल होता, महिनाभरात २,६०,००० चा नवा घेतला, आणि ३१ तारखेच्या रात्री मोजदाद केली तेव्हा ९०,००० चा माल शिल्लक निघाला. म्हणजे जो माल विकला गेला त्याची खरेदी किंमत २,१०,०००. ती विक्रीतून वजा केली की ९०,००० उरतात. हा ढोबळ नफा. त्यातून भाडं १८,०००, मदतनीस मुलीचा पगार १४,०००, वीज आणि फोन ४,०००, किरकोळ ६,००० असे ४२,००० गेले. निव्वळ नफा ४८,०००. झकास महिना.

आता तोच महिना गल्ला आणि बँक यांच्या बाजूने बघा. तीन लाखांच्या विक्रीत ४५,००० चा माल कळंगुटच्या एका हॉटेलला उधारीवर गेला होता, ते पैसे यायचे आहेत. हातात आले २,५५,०००. खरेदीपैकी ६०,००० पुरवठादाराला द्यायचे बाकी आहेत, म्हणजे प्रत्यक्षात दिले २,००,०००. खर्चाचे ४२,००० गेले. राहिले १३,०००. त्यातच मालकिणीने घरखर्चाला २०,००० उचलले. महिनाअखेर पैसा वाढला नाही, उलट ७,००० ने घटला.

दोन्ही आकडे खरे आहेत. ४८,००० कमावले, पण ४५,००० हॉटेलकडे अडकले, ५०,००० जादा मालाच्या रूपाने फळीवर जाऊन बसले आणि २०,००० घरी गेले. पुरवठादाराचे ६०,००० आपण वापरत होतो म्हणून ही ओढ फक्त सात हजारांची दिसली. जानेवारीत पुरवठादार पैसे मागायला आला की खरी ओढाताण.

पावसाळ्यात नेमकं उलटं होतं. जुलैत विक्री ७०,००० वर येते, त्यातला ढोबळ नफा २१,०००, आणि खर्च तेच ४२,०००. महिना २१,००० तोट्यात. पण नवा माल घेतलेला नसतो, हॉटेलचे जुने पैसे त्याच महिन्यात येतात, आणि बँकेतली शिल्लक वाढलेली बघून माणूस निर्धास्त होतो. तोट्याच्या महिन्यात फ्रीज बदलायचा निर्णय असाच घेतला जातो.

म्हणून महिन्याला दोन कागद लागतात: एक नफातोट्याचा, एक पैशाच्या आवक-जावकीचा. दोन्ही मिळून वहीचं एक पान होतं.

घर वेगळं, दुकान वेगळं

हे सगळेच सांगतात आणि पाळत कुणीच नाही, कारण कसं पाळायचं ते सांगितलं जात नाही. दुकानाचं चालू खातं उघडा, आणि काउंटरवरचा क्यूआर कोड त्याच खात्याला जोडा. पुष्कळ ठिकाणी अजूनही क्यूआर मुलाच्या किंवा नवऱ्याच्या बचत खात्याला जोडलेला असतो. त्याच खात्यातून गॅसचं बिल, मुलांची फी आणि काकूच्या घरच्या लग्नाचा आहेरही जातो. वर्षअखेरीस हे सगळं वेगळं करायला कुठलाही अकाउंटंट बसला तरी अंदाजपंचेच करणार.

घरासाठी घ्यायची रक्कम ठरवून घ्या. महिन्याच्या एका तारखेला २०,००० म्हणजे २०,०००, आणि वहीत ते ‘उचल’ म्हणून लिहा, ‘खर्च’ म्हणून नव्हे. उचल धंद्याचा खर्च धरली तर नफा आहे त्यापेक्षा कमी दिसतो, आणि लिहिलीच नाही तर गल्ला जुळत नाही. घरी नेलेला मालही उचलच. पाहुणे आले म्हणून अर्धा किलो काजू फळीवरून काढले, तर ते खरेदीच्या भावाने टिपून ठेवा. यात कुणाचा कंजूषपणा नाही. ते न टिपल्यामुळे मोजदादीत माल कमी भरतो आणि बिचाऱ्या मदतनीस मुलीवर संशय जातो.

आणखी दोन रकमा हमखास चुकीच्या खान्यात पडतात. पहिली पिग्मी. संध्याकाळी पिग्मीवाला येतो, आपण ३०० रुपये देतो आणि रोजच्या खर्चात लिहून मोकळे होतो. पिग्मी १९२८ मध्ये सिंडिकेट बँकेने सुरू केली ती छोट्या माणसाने रोज थोडं थोडं साठवावं म्हणून. तो खर्च नाही, तुमचाच पैसा दुसऱ्या ठिकाणी ठेवलेला आहे. दुसरी कर्जाचा हप्ता. ९,००० च्या हप्त्यात ३,५०० व्याज असेल तर खर्च फक्त ३,५००; उरलेले ५,५०० म्हणजे आपलं देणं कमी झालं. पूर्ण हप्ता खर्चात टाकणारा माणूस धंदा तोट्यात आहे असं समजून रडत बसतो, आणि मुद्दल विसरणारा ‘नफा आहे तर पैसा का नाही’ म्हणून डोकं धरतो.

फ्रीज, शिवण मशीन, भाड्याने द्यायची स्कूटर यांचंही तसंच. ४०,००० चा फ्रीज घेतला म्हणून त्या महिन्याला ४०,००० चा तोटा झाला नाही. तो पाच वर्षं चालेल असं धरलं तर वर्षाला ८,००० घसारा, म्हणजे वापराने झालेली झीज. आयकरात घसाऱ्याचे दर वेगळे असतात, ते सीए बघेल. स्वतःच्या समजुतीसाठी हा साधा भागाकार पुरतो. भाड्याच्या स्कूटरवाल्यांनी तर हा करायलाच हवा. रोजच्या भाड्यातून पेट्रोल आणि दुरुस्ती वजा करून उरलं ते सगळं नफा मानलं, तर चार-पाच वर्षांनी नवी गाडी घ्यायला हात रिकामे असतात.

रात्रीची दहा मिनिटं

जुन्या व्यापाऱ्यांची कीर्द-खतावणी आठवा. पाडव्याला वहीपूजन करून नवी वही सुरू व्हायची, आणि रोजकीर्द त्या दिवशीची त्याच दिवशी लिहून व्हायची. पद्धत आजही तीच चांगली. सकाळची शिल्लक, अधिक रोख विक्री, अधिक उधारीची आलेली रोख, वजा रोखीने झालेले खर्च, वजा बँकेत भरलेले पैसे, वजा उचल. उत्तर येईल तेवढी रोकड गल्ल्यात असायला हवी. यूपीआयची बेरीज वेगळ्या खान्यात ठेवा आणि दुसऱ्या दिवशी बँकेत जमा झालेल्या रकमेशी ताडा. काही सेवांचे पैसे दिवसभराचे एकत्र, दुसऱ्या दिवशी येतात, तेव्हा तारखांचा घोळ होतो.

रोकड १२० रुपयांनी कमी भरली तर १२० ची तूट असंच लिहा. खिशातून घालून जुळवू नका. सुट्ट्या पैशांत पाच-दहा इकडेतिकडे होतातच. पण दर शनिवारी शंभर-दीडशे कमी पडत असतील तर ते कळायला तूट लिहिलेली असावी लागते. जुळवलेल्या वहीत असलं काही दिसत नाही.

उधारीची वही वेगळी. तिच्यात नाव आणि रक्कम असतेच. तारीख मात्र नसते, किंवा ‘चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधी’ असं काहीतरी असतं. तारीख लिहा, आणि महिन्यातून एकदा बघा की कुणाचे पैसे ३० दिवसांच्या पुढे गेले, कुणाचे ६०, कुणाचे ९०. नव्वदीच्या पुढे गेलेल्याला नवा माल द्यायचा की नाही हे भिडेने ठरवू नये. गावात ते अवघड जातं हे मान्य आहे.

हॉटेलांना माल पुरवणाऱ्यांनी एक कायदा लक्षात ठेवावा. तुम्ही स्वतः बनवता किंवा सेवा देता, म्हणजे लोणची-मसाले करता, पाव भाजता, हॉटेलची चादर-टॉवेल धुऊन देता, आणि तुमची उद्यम नोंदणी सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून असेल, तर गिऱ्हाइकाने लेखी करार नसल्यास १५ दिवसांत आणि असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, चक्रवाढ व्याज. शिवाय २०२३-२४ पासून मुदतीत न दिलेली अशी रक्कम त्या गिऱ्हाइकाला त्या वर्षी आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. प्रत्यक्ष देईल त्या वर्षी दाखवता येते. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात याची नुसती आठवण करून दिली तरी हॉटेलच्या हिशेबनिसाचा आवाज बदलतो. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना मात्र हे संरक्षण नाही.

आठ महिन्यांत बारा महिन्यांचं

गोव्यातल्या धंद्याचा मोठा प्रश्न हंगामाचा आहे. किनाऱ्यावरचे शॅक ऑक्टोबर ते मे. जत्रेतला खाजेवाला जत्रांच्या महिन्यांत. काजूचा माल मार्च ते मे. गणपतीवर बांधायच्या माटोळीच्या सामानाचे चवथीआधीचे मोजके दिवस. भाडं, वीज आणि पोट मात्र बारा महिने.

आपल्या काजूच्या दुकानाचंच गणित पुढे नेऊ. महिन्याचा खर्च ४२,००० आणि घरची उचल २०,०००, मिळून ६२,०००. वर्षाचे ७,४४,०००. शंभराच्या विक्रीत तीस रुपये ढोबळ नफा, तेव्हा एवढं भागवायला वर्षाला २४,८०,००० ची विक्री लागेल. हा आकडा भिंतीवर लावून ठेवावा असा आहे. आता जून ते सप्टेंबर. दर महिन्याला ७०,००० ची विक्री, ढोबळ नफा २१,०००, गरज ६२,०००. महिन्याला ४१,००० ची तूट आणि चार महिन्यांची १,६४,०००. ती हंगामाच्या आठ महिन्यांत साठवायची तर महिन्याला २०,५०० बाजूला पडायला हवेत. पिग्मी खरी इथे कामाला येते. डिसेंबरच्या ४८,००० नफ्यातून घरचे २०,००० आणि पावसाचे २०,५०० काढले की मालकिणीच्या हाती उरतात ७,५००. मोठा टीव्ही घ्यायचा की नाही ते या आकड्यावरून ठरवावं, गल्ल्याच्या जाडीवरून नव्हे.

आता कर

जीएसटीची नोंदणी कधी लागते यावर बाजारात जितकी तोंडं तितकी मतं. गोव्यात फक्त माल विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या वर गेली की, आणि सेवा देणाऱ्याला २० लाखांच्या वर गेली की नोंदणी लागते. खानावळ आणि रेस्टॉरंट सेवेत मोडतात, म्हणून त्यांना २० लाखांची मर्यादा. उलाढाल म्हणजे सगळी विक्री: रोख, यूपीआय, उधारी, करमाफ मालसुद्धा. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकच्या वाणिज्य कर खात्याने यूपीआयने जमा झालेल्या रकमांवरून हजारो छोट्या विक्रेत्यांना नोटिसा काढल्या तेव्हा पुष्कळांनी क्यूआर कोडच काढून टाकले. त्याने काही साधत नाही, कारण रोख विक्रीही उलाढालच असते. ज्यांच्याकडे रोजची वही होती त्यांना यातले इतके घरचे, इतके करमाफ भाजी-दुधाचे असं दाखवता येत होतं.

बार चालवणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. पिण्याची दारू जीएसटीच्या बाहेर आहे. तिच्यावर अबकारी आणि व्हॅट. म्हणून बिलात दारूवर जीएसटी लावायचा नाही आणि जेवणावर लावायचा, हे बहुतेकांना माहीत असतं. माहीत नसतं ते हे की नोंदणीची मर्यादा मोजताना दारूची विक्रीही धरतात. जेवणाची विक्री ९ लाख आणि दारूची १५ लाख असेल तर ‘माझं जेवण नऊच लाखांचं’ म्हणून सुटका नाही. उलाढाल २४ लाख झाली आणि नोंदणी लागली. वर, अशा धंद्याला ठोक दराने कर भरायची कंपोझिशन योजनाही मिळत नाही; तिच्याबद्दल पुढे. दोन्हींची विक्री पहिल्या दिवसापासून वेगळ्या खान्यांत लिहिलेली असेल तर निस्तरणं सोपं जातं.

कंपोझिशन योजना म्हणजे दीड कोटीपर्यंतच्या उलाढालीवर व्यापाऱ्याने १ टक्का आणि दारू न देणाऱ्या रेस्टॉरंटने ५ टक्के कर भरून मोकळं व्हायचं. हा कर गिऱ्हाइकाकडून वेगळा घेता येत नाही आणि खरेदीवर दिलेल्या कराचा परतावाही मिळत नाही. राज्याबाहेर माल विकायचा असेल तर ही योजना चालत नाही. एवढंच कशाला, करपात्र माल राज्याबाहेर विकायचा तर सहसा उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी लागते. पेडण्याच्या माणसाला बांदा आणि सावंतवाडी घरच्यासारखी वाटते; जीएसटीच्या दृष्टीने पत्रादेवीपलीकडे दुसरं राज्य सुरू होतं. कुरिअरने मुंबईला काजू पाठवणाऱ्यांनी हे आधी विचारून घ्यावं.

नोंदणी झाल्यावर गिऱ्हाइकाकडून घेतलेला कर हा सरकारचा पैसा, आपल्याकडे नुसता ठेवायला दिलेला. १,००० च्या मालावर १८० कर घेतला तर विक्री १,००० च लिहायची. त्या १८० साठी शक्य असेल तर वेगळं खातं ठेवा.

आयकराचं थोडक्यात. वर्षाची उलाढाल २ कोटींपर्यंत असेल, आणि रोखीची आवक एकूण आवकेच्या ५ टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटींपर्यंत, छोट्या धंद्याला अंदाजी नफ्यावर कर भरता येतो: रोख विक्रीवर ८ टक्के, बँक किंवा यूपीआयने आलेल्या विक्रीवर ६ टक्के नफा धरतात. जुन्या कायद्यातलं हे कलम ४४एडी. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला, क्रमांक बदलला, योजना राहिली. मग वही कशाला, असं विचारतात. कारण ६ टक्के हा सरकारचा अंदाज आहे. आपल्या दुकानाचा डिसेंबरचा खरा नफा १६ टक्के होता आणि जुलैत ३० टक्के तोटा. धंदा कसा चाललाय ते सरकारच्या अंदाजावरून कळत नाही.

रोखीच्या दोन मर्यादा तोंडपाठ असाव्यात. अंदाजी नफ्याऐवजी नेहमीच्या हिशेबाने कर भरणाऱ्यांनी एका माणसाला एका दिवसात १०,००० च्या वर रोख दिली तर तो खर्च आयकरात मान्य होत नाही. शेतकऱ्याकडून थेट घेतलेलं पीक किंवा मच्छीमाराकडून थेट घेतलेली मासळी याला सवलत आहे, दलालाकडून घेतलेल्याला नाही. आणि एका माणसाकडून एका दिवसात, किंवा एकाच व्यवहारापोटी, २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही.

हे सगळं कशावर लिहायचं? जीएसटी नसेल तर दोनशे पानी वही उत्तम. अॅप वापरायचं तर वापरा, पण महिन्याला त्यातली माहिती एक्सेलमध्ये उतरवून स्वतःकडे ठेवा. फोन मांडवीत पडला तर उधारी बुडायला नको. जीएसटी आला की सॉफ्टवेअर आणि महिन्यातून एकदा येणारा अकाउंटंट, दोन्ही घ्या. तिथे काटकसर महागात पडते. मार्चअखेरीस बिलांची पिशवी नेऊन ओतणाऱ्याला सीए सल्ला देऊ शकत नाही, फक्त बेरजा करून देतो. जीएसटी आणि आयकराच्या पोर्टलवरचा मोबाइल नंबर आणि ईमेल मात्र तुमचाच असू द्या. तो अकाउंटंटचा असला तर नोटीस आल्याचं तुम्हाला महिन्यांनी कळतं.

बिलं जपायची तर आपली हवा आडवी येते. थर्मल कागदावरची छपाई वर्षभरात पुसट होते, आणि जूननंतर फायलींना बुरशी धरते. बिल आलं की लगेच फोटो काढून महिन्याच्या नावाच्या फोल्डरमध्ये टाका, आणि कागद प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात, जमिनीपासून वर. जीएसटीत नोंदणी असेल तर त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने हिशेब सांभाळावा लागतो. म्हणजे एकेका वर्षाच्या कागदांना किमान सहा पावसाळे काढायचे आहेत.